साबण न होणारी चरबी

गोव्यातल्या मिठागरांत पावसाआधीच्या महिन्यांत काही वाफ्यांचं पाणी गुलाबी होतं. हा रंग ज्या सूक्ष्मजीवांचा, त्यांच्या आवरणातल्या चरबीचा कॉस्टिक घालूनही साबण होत नाही, असं एका व्याख्यानात ऐकलं आणि राहवेना. हेच काम करणाऱ्या एका पीएचडीच्या विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेत जाऊन बसले.

"25 टक्के मीठ, मॅडम," तिनं फ्लास्क उजेडात धरला. "समुद्रात 3.5 असतं." आतला द्रव थेट कोकम सरबतासारखा दिसत होता.

पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवायच्या, क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये चरबी उतरवून घ्यायची, थंडगार अ‍ॅसिटोननं रंग वेगळा काढायचा. क्लोरोफॉर्मचा तो गोडसर वास तिच्या अ‍ॅप्रनलाच लागला होता.

खरी परीक्षा पुढे होती. एका नळीत ई. कोलाय हा जीवाणू, दुसरीत हे मिठातले जीव; दोन्हींत आम्ल घातलेलं मिथेनॉल, रात्रभर 50 अंशांवर. दुसऱ्या दिवशी तिनं सिलिकाच्या प्लेटवर दोन्हींचे थेंब दिले, तिच्यावर द्रावक चढू दिला, फवारा मारून तापवली. पिवळ्यावर गडद ठिपके उमटू लागले. ई. कोलायचा ठिपका पार वर गेलेला, कारण फॅटी अ‍ॅसिडांना ग्लिसरॉलशी जोडणारा एस्टर बंध तुटला होता. दुसरा बराच खाली. तिथला बंध शाबूत होता.

एस्टर बंधातल्या कार्बनला आणखी एक ऑक्सिजन दुहेरी जोडलेला असतो आणि बंध सुटतो तो तिथूनच. तेलाचा साबण होतो तो त्यामुळेच. मिठातल्या या जीवांकडे एस्टरऐवजी इथर बंध असतो; त्यात तो ऑक्सिजन नाही. शिवाय साखळ्याही सरळ नाहीत: 20 कार्बनची फायटॅनिल साखळी, तिला चार ठिकाणी मिथिलच्या फांद्या. ग्लिसरॉलवर फॉस्फेटची जागाही आपल्या उलट टोकाला. मॉरिस केट्स आणि सहकाऱ्यांनी हे इथर कॅनडात 1960च्या दशकात ओळखले. हे जीव ज्यांत मोडतात ते आर्किया हे वेगळं कूळ आहे, असं कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी मांडलं ते 1977 साली. आधी रसायन हाती लागलं, घराणं नंतर कळलं.

एवढ्या खारात राहायचं म्हणून एवढा चिवट बंध, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटेनासं झालंय. पेशींच्या गुलाबी गोळ्यावर तिनं माझ्यासमोर नुसतं डिस्टिल्ड वॉटर घातलं. पेशी फुटल्या आणि आतल्या डीएनएची चिकट तार पिपेटला लागून वर आली. बंध जागच्या जागी, जीव मात्र गेला. उलट सॅलिनिबॅक्टर रुबर हा जीवाणू तसल्याच 25 टक्क्यांत एस्टरच्या चरबीवर सुखानं जगतो. आणि मिठाशी काही देणंघेणं नसलेल्या, मिथेन तयार करणाऱ्या आर्कियांतही इथरच सापडतात. म्हणजे बंध हा वंशाचा वारसा. खारातल्या जगण्याचा माग काढायचा तर चरबीच्या डोक्याकडे, म्हणजे फॉस्फेटच्या टोकाकडे, पाहायला हवं. तिथे ऋणभार दाटीवाटीनं असतात आणि त्यांना एकमेकांपासून फाकू न देण्याचं काम मिठातले धनभारित आयन करतात.

डोक्यांसाठी प्लेट वेगळी, फवाराही वेगळा. नुसती जनुकं वाचून कुठलं डोकं किती ते कळत नाही. चरबी अशी हातानं काढूनच पाहावी लागते. मी निघाले तेव्हा त्या प्लेटवर द्रावक चढत होता. निकाल तिनं रात्री कळवला: सगळ्यांत मोठा निळा ठिपका दोन फॉस्फेटवाल्या डोक्याचा.