नकाराची शिक्षा

‘ग्राहक हा बाजारपेठेचा राजा’ हे वाक्य अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. या राजाची खरी अवस्था पाहावयाची असेल, तर त्याच्या हाती स्मार्टफोन देऊन त्याला भाताच्या खाचराच्या बांधावर उभे करावे.

गेल्या खरिपात शिराळ्याजवळच्या एका वस्तीवरील वयोवृद्ध शेतकरी, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणतो, आपला फोन घेऊन आमच्या घरी आले. पिकाची नोंद होत नव्हती. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः शेतात जाऊन पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे आणि सातबाऱ्यासाठी पिकाची नोंद करावयाची असते. तो कोठे उभा आहे, हे त्यासाठी फोनला कळावे लागते. फोनने तशी परवानगी मागितली होती. अनोळखी प्रश्नाला होकार देऊ नये, असे पोलिसांपासून बँकेपर्यंत सर्वांनी बजावलेले. म्हणून आबांनी दोनदा नकार दिला. त्यानंतर फोनने विचारणेच सोडून दिले आणि नोंद अडून बसली. “सर, मी कायबी चुकीचं दाबलं न्हाई,” असे आबा पुनःपुन्हा सांगत होते, आणि ते खरेच होते. दिलेला नकार मागे घेण्याची सोय होती. पण ती सेटिंगमधल्या एकामागून एक अशा चार पडद्यांआड दडलेली होती.

हा दोष पीक पाहणीच्या ॲपचा नव्हे. फोनमधील सर्व व्यवहार चालविणारी जी मूळ प्रणाली असते, जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, तिच्या रचनेचा हा दोष आहे. नकार देण्याचा अधिकार तिने दिला, हे योग्यच. परंतु त्या नकाराने कोणते काम थांबेल आणि विचार बदलल्यास कोठे जावे, हे तिने सांगितले नाही. त्यातही ‘ॲक्सेसची अनुमती’ अशा धाटणीची मराठी पाहिली, की ती इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून उतरविलेली आहे हे ध्यानात येते. “आपण कोठे उभे आहात हे या ॲपला सांगू का?” असे विचारले असते, तर आबांना निर्णय घेता आला असता.

प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. नुकसानभरपाई, पीकविमा आणि हमीभावाची खरेदी यांच्या वेळी या नोंदीला महत्त्व येते. नोंद चुकली, तर तोटा शेतकऱ्याचा; दुकानदाराकडून ती करून घेतली, तर त्याचे पैसे आणि बुडालेला दिवसही शेतकऱ्याचाच. रचनाकाराने वाचविलेले कष्ट अशा रीतीने वापरणाऱ्याच्या खात्यावर खर्ची पडतात. अर्थशास्त्रात यास बाह्य खर्च म्हणतात.

बाजारपेठ हा दोष आपोआप दूर करील, असे मानणाऱ्यांनी थोडा विचार करावा. फोन घेताना ग्राहक किंमत, कॅमेरा आणि बॅटरी पाहतो. प्रणाली त्यासोबत येते, तिचे वेगळे मोल होत नाही. शिवाय निवड ती कितीशी? भारतातील बहुतेक स्मार्टफोन ॲन्ड्रॉइडवर चालतात. त्या क्षेत्रातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 2022 मध्ये गुगलला 1,337 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. मुंबईच्या इंडस ओएसने ॲन्ड्रॉइडच्याच पायावर भारतीय भाषांना केंद्रस्थानी ठेवणारी प्रणाली 2015 च्या सुमारास आणली होती. पुढे ती कंपनी फोनपेकडे गेली, 2024 मध्ये इंडसच्या नावाने ॲपचे दुकान उघडले. मूळ प्रयत्न मात्र मागे पडला.

तेव्हा शासनाने हात बांधून बसू नये. पूर्वी ते बसलेलेही नाही. फोनवर 22 भारतीय भाषा वाचता याव्यात आणि इंग्रजी व हिंदीखेरीज किमान एका भारतीय भाषेत लिहिता यावे, असे मानक 2016 मध्ये ठरले आणि कंपन्यांना ते मानावे लागले. परंतु त्या मानकाने अक्षर दिसते की नाही एवढेच पाहिले. अर्थ कळतो की नाही, हे पाहिले नाही. पुढचे पाऊल तेच असावयास हवे. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेला ‘स्वरचक्र’ कळफलक पाहावा. व्यंजनावर बोट ठेवताच त्याची बाराखडी भोवती चक्राकार उमलते. शाळेत शिकलेल्या क्रमाचाच तेथे उपयोग केला आहे. वापरणाऱ्यापासून आरंभ केला, म्हणजे सोपी रचना अशक्य राहत नाही.

परवानगी देणे अधिक सोपे केल्यास भामट्यांचे फावेल, हा आक्षेप रास्त आहे. पण आमची मागणी होकार सोपा करण्याची नाही, निर्णय समजून घेता यावा एवढीच आहे. नकार दिल्यास काय अडेल हे सांगावे आणि तो बदलण्याची वाट तेथेच दाखवावी. शेतकऱ्यांसाठी एखादी सोय सक्तीची करण्यापूर्वी शासनाने तालुक्यातालुक्यांतील साठी उलटलेल्या शेतकऱ्यांच्या हाती ती देऊन, काही न सांगता बाजूला उभे राहून पाहावे. प्रणाली बनविणाऱ्या कंपन्यांनाही हीच कसोटी लावावी.

आबांची नोंद अखेर झाली. मात्र त्यासाठी त्यांना एका प्राध्यापकाच्या घरी यावे लागले. ज्याच्या शेजारी प्राध्यापक राहत नाही, त्याने काय करावे?