मोटारीच्या कांचेची दुरुस्ती : बाटलीचा भाव आणि कामाचा खर्च

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पुढें धांवणाऱ्या मालमोटारीच्या चाकाखालून एखादा खडा उडतो, टणकन आवाज होतो, आणि मागून येणाऱ्या मोटारीच्या कांचेवर वाटाण्याएवढा खळगा पडतो. मोटारीचा धनी हळहळतो; परंतु असल्या खळग्यांवरच एखाद्या कारागिराचा संसार चाललेला असतो. सबंध कांच बदलावयाची तर हजारों रुपये मोजावे लागतात. खळगा भरून घेण्यास कांहीं शें रुपये पुरतात. त्या थोडक्या मिळकतींतूनच माल, पेट्रोल, जागेचें भाडें आणि मुलांची फी निघावयाची असते.

खळगा भरतां येतो, कारण पुढची कांच एकेरी नसते. दोन कांचांच्या मध्यें प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बसविलेला असतो. १९०३ सालीं एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेंत एक चंबू खालीं पडला. तो तडकला, पण त्याचे तुकडे विखुरले नाहींत. आंत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थरानें ते धरून ठेविले होते! त्या अपघातांतूनच अशा जोडकांचेची कल्पना निघाली, आणि १९०९ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. खड्यानें बहुधा बाहेरचीच कांच दुखावते. कारागीर भेगेंतील हवा ओढून घेतो, तींत रेझिन नांवाचा राळेसारखा पारदर्शक द्रव दाबानें भरतो आणि अतिनील किरणांनीं तो कठीण करतो.

आतां नवशिका कारागीर फसतो तो येथेंच. तो बाटलीचा भाव पाहतो. दर कामास काय पडलें, तें पाहत नाहीं. समजा, १५ मिलिलीटरची बाटली १,५०० रुपयांस व ५ मिलिलीटरची ७०० रुपयांस मिळते, आणि एका खळग्यास पाव मिलिलीटर द्रव लागतो. मोठ्या बाटलींत साठ कामें होतात, म्हणजे दर कामास पंचवीस रुपये. लहान बाटलींत वीस, म्हणजे पस्तीस रुपये. मोठी बाटली स्वस्त दिसते खरी. परंतु रेझिनाची मुदत संपेपर्यंत वीसच गिऱ्हाइकें आलीं, तर तीच बाटली दर कामास पंचाहत्तर रुपयांस पडते. हें गणित त्रैराशिकापलीकडचें नाहीं. सातवींतील मुलगीहि बापाची ही वही ठेवूं शकेल. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, आधीं आणलेली आधीं संपवावी, आणि ती थंड, अंधाऱ्या जागीं ठेवावी. कारण जो सूर्यप्रकाश खळग्यांतील द्रव कठीण करतो, तोच बाटलींतील द्रवहि नासवितो. मोटारीच्या डिकींत उन्हाळाभर फिरणारी बाटली म्हणजे तापत ठेवलेले पैसेच.

काटकसर कोठें करूं नये, हेंहि कळलें पाहिजे. द्रव भरणाऱ्या यंत्राच्या तोंडाशीं रबराची लहानशी चकती असते. ती झिजली म्हणजे हवा पुरती ओढली जात नाहीं आणि भेगेंत बुडबुडा राहतो. वरचा थर खरवडण्याचें पातें बोथट झालें, तर भरलेला भागच उखडतो. अतिनील दिव्याच्या नळीची गोष्ट अधिक फसवी. ती डोळ्यांस उजळ दिसते, पण वापरानें तिचे किरण क्षीण झालेले असतात, आणि आंतला द्रव कच्चाच राहतो. पावसाळ्यांत भेगेंत ओल असते. ती न सुकवितां घाईनें भरलेलें काम टिकत नाहीं. असें एक काम फसलें आणि ८०० रुपये परत करावे लागले, म्हणजे लहान बाटलीच्या हिशेबानें बावीस-तेवीस कामांचें रेझिन बुडालें. शिवाय भेग पुढें पसरली, तर गिऱ्हाइकाची सबंध कांच जाते, आणि मग तें त्या दुकानाकडे फिरकत नाहीं.

कांहीं कामें मुळींच न घेणें हाहि मालाच्या बचतीचाच भाग होय. ब्रिटनमधील मोटारींच्या वार्षिक तपासणींत चालकासमोरच्या २९० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यांत १० मिलिमीटरांहून मोठी इजा चालत नाहीं; वायपर फिरतो त्या उरलेल्या भागांत ही मर्यादा ४० मिलिमीटर आहे. चालकाच्या डोळ्यांसमोर इतकी कडक मर्यादा कां, हें दुरुस्त केलेली कांच पाहिली म्हणजे कळतें. खळगा कितीहि चांगला भरला तरी अंधुक खूण मागें राहते, आणि रात्रीं समोरून येणाऱ्या दिव्यांचा झोत नेमका तेथें फांकतो. अशा जागची मोठी इजा घेऊन गिऱ्हाईक आलें, तर कारागिरानें बाटली न उघडतां त्यास कांच बदलावयास सांगावें.