गरम पाण्याचा टब : किंमत नेमकी कशाची मोजायची?

हिंगोली जिल्ह्यातील साखरा या गावच्या एका शिक्षकांनी हिवाळ्याच्या तोंडावर आम्हाला एक प्रश्न विचारला. त्यांच्या आईचे गुडघे आखडतात. ऊन पाण्यात बसल्याने आराम पडेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. रोज बादलीने शेक घेऊन समाधान होत नाही, म्हणून घरी बसता येईल असा गरम पाण्याचा टब घ्यावा असे त्यांच्या मनात होते. हाताशी रक्कम बेताची. शहरातल्या एका दुकानात बुडबुडे सोडणारा, पंप आणि हीटर जोडलेला टब त्यांना स्वस्तात मिळत होता. ‘घ्यावा का?’ एवढेच त्यांना विचारायचे होते.

‘कोणता टब चांगला?’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. मात्र दहावीच्या विज्ञानातले उष्णतेचे धडे वापरले, तर प्रत्येकाला आपल्यापुरते उत्तर काढता येते. ते कसे, हे या लेखात पाहू.

निसर्गाचा टब

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगा पुढे नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यातून जाते. तिथे उनकेश्वरला गरम पाण्याची कुंडे आहेत. ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी-गणेशपुरी आणि रत्नागिरी जिल्ह्यात तुरळ, उन्हवरे येथेही अशी कुंडे आहेत. त्यांच्याखाली जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकातील भेगांतून खोल उतरते. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. तिथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून वर येते.

हे कुंड उघडेच असते, त्याला झाकण नाही, आणि उष्णता सतत हवेत जात असते. तरी ते थंड होत नाही, कारण खालून ऊन पाणी अखंड येत राहते. आपल्या घरच्या टबाला असा फुकटचा पुरवठा नाही. त्यातून जेवढी उष्णता गळेल, तेवढी आपल्याला वीज, सरपण किंवा गॅस जाळून भरून काढावी लागते. म्हणून टबाची खरी किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर नसते. ती या गळतीवर ठरते.

तापवायला किती?

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. एवढ्या दोन आकड्यांवर पुढचा हिशेब होतो.

समजा, टबात ५०० लिटर पाणी आहे. २५ अंशांचे पाणी ४० अंशांपर्यंत न्यायचे, म्हणजे १५ अंशांची वाढ. ५०० गुणिले १५ म्हणजे ७५०० किलोकॅलरी, अर्थात सुमारे ८.७ युनिट. दोन किलोवॅटच्या हीटरला यासाठी चार तास वीस मिनिटे लागतील. बाजारात मिळणारे तीन-चार माणसांचे टब हजार लिटरचे किंवा त्याहून मोठे असतात. तिथे खर्च आणि वेळ दोन्ही दुप्पट. खेडेगावात सलग आठ-नऊ तास वीज टिकेलच असे नाही.

तेव्हा पहिला नियम असा की, टब माणसांच्या संख्येपेक्षा मोठा नको. एका माणसाला तीनशे लिटर पुरते. शिवाय आर्किमिडीजचे म्हणणे लक्षात ठेवावे. ६० किलो वजनाचा माणूस गळ्यापर्यंत पाण्यात बसला की जवळजवळ ५५ लिटर पाणी बाजूला सारतो. टब काठोकाठ भरला तर तेवढे तापवलेले पाणी सांडून मोरीत जाणार.

गळती कुठून?

आता ५०० लिटरचा एक गोल टब घेऊ. पाण्याचा पृष्ठभाग एक चौरस मीटर, खोली अर्धा मीटर. पाणी ४० अंश, भोवतालची हवा २० अंश, वारा नाही. हा टब उघडा ठेवला तर काय होईल?

पृष्ठभागावरून तासाला सुमारे ०.८ लिटर पाणी वाफ होऊन उडून जाईल. हे पाणी किरकोळ वाटते, पण त्याच्याबरोबर जाणारी उष्णता किरकोळ नसते. ४० अंशांच्या एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५७५ किलोकॅलरी अप्रकट उष्मा लागतो आणि तो उरलेल्या पाण्यातूनच घेतला जातो. म्हणजे तासाला ४६० किलोकॅलरी केवळ बाष्पीभवनाने गेल्या. पृष्ठभागावरून प्रारण व अभिसरणाने ढोबळमानाने १७० आणि पातळ उघड्या भिंतींतून ३०० जातात. तळातून थोडी उष्णता जाते ती वेगळी. एकूण सुमारे १००० किलोकॅलरी. याचा अर्थ टब दर तासाला दोन अंशांनी थंड होतो. चोवीस तास तो ४० अंशांवर ठेवायचा झाला तर सुमारे २८ युनिट वीज लागेल. तीही फक्त गळती भरून काढायला!

आता त्याच टबावर पाच सेंटिमीटर जाडीच्या थर्माकोलचे घट्ट झाकण बसवू. भिंतींना बाहेरून आणि तळाखालीही तेवढाच थर देऊ. बाष्पीभवन जवळजवळ थांबते. थर्माकोलमध्ये अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असल्याने भिंतींची गळतीही फार उतरते. हिशेब केला तर एकूण गळती तासाला शंभर किलोकॅलरींच्या आसपास राहते. म्हणजे आधीच्या एक दशांश. रात्री दहा वाजता झाकलेला टब सकाळी आठला जेमतेम दोन अंशांनी उतरलेला असेल.

वसमत-हिंगोलीकडच्या शेतकऱ्याला हे नवे नाही. कढईत हळद शिजवताना वर पाला आणि गोणपाट घालतात ते वाफ कोंडण्यासाठीच. जपानी माणसाच्या घरातला ‘ओफुरो’ हा टबही असाच असतो. तो उभट, खोल आणि पूर्वी लाकडी असे. पाण्याचा पृष्ठभाग लहान आणि वर झाकण. अंग बाहेर धुऊन मगच त्यात बसायचे आणि एकाच पाण्यात घरातल्यांनी पाळीपाळीने बसायचे, अशी तिथली रीत आहे. तेवढ्याच पाण्यासाठी टब उथळ आणि पसरट केला तर पृष्ठभाग वाढतो आणि बाष्पीभवनही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून दुसरा नियम : टब खोल घ्यावा आणि पैसे आधी झाकणावर खर्चावेत.

बुडबुड्यांचे काय?

बुडबुड्यांच्या टबाचा इतिहास शेतकऱ्यांना जवळचा वाटेल असा आहे. इटलीतून अमेरिकेत कॅलिफोर्नियात गेलेले जकुझी बंधू शेतीचे पंप बनवीत. त्यांच्यातील एकाच्या मुलाला लहानपणीच संधिवात झाला. त्याला घरीच उपचार मिळावेत म्हणून १९५० च्या दशकात त्यांनी न्हाणीच्या टबात पाणी घुसळणारा छोटा पंप तयार केला. पुढे त्यांचे आडनावच अशा टबांचे नाव होऊन बसले.

पाण्याच्या झोताने अंग चोळल्यासारखे होते आणि बरे वाटते, हे खरे. पण गार हवेचे बुडबुडे ऊन पाण्यातून गेले की प्रत्येक बुडबुडा वाफ भरून घेतो आणि वर येऊन फुटतो. म्हणजे पृष्ठभाग वाढवून पाणी निववण्याचाच हा उद्योग. शिवाय पंप, नळ्या, सांधे हे बिघडणारे भाग वाढतात. गुडघ्याला जो आराम मिळतो तो मुख्यतः ऊब आणि पाण्याचे उद्धरण यांमुळे. रक्कम बेताची असेल तर बुडबुडे सोडून द्यावेत.

भरवसा कसा ओळखावा?

आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही केवळ किंमत पाहून एक पाणी तापवण्याचे यंत्र घेतले. वर्षाच्या आतच त्याची कॉइल जळाली. उघडून पाहिले तर तिच्यावर पांढऱ्या क्षाराचे जाड कवच. विकणाऱ्याकडे सुटा भाग नव्हता. दोष सगळा यंत्राचा नव्हता. आमच्या बोअरचे पाणी जड होते आणि आम्ही ते तपासलेच नव्हते. जड पाणी तापले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन कार्बोनेटचा थर कॉइलवर बसतो. तो उष्णतेचा दुर्वाहक. आतली उष्णता बाहेर पडेना म्हणजे कॉइल अधिकाधिक तापते आणि शेवटी जळते. मराठवाड्यात बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड आहे. तेव्हा कॉइल सहज बाहेर काढता येते का, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून साफ करता येते का, सुटी कॉइल जवळच्या बाजारात मिळते का, हे आधी विचारावे.

टब गळका आहे का, हेही घरी तपासता येते. टब गार पाण्याने भरावा. शेजारी त्याच पाण्याने भरलेली बादली ठेवावी. दोन्हींत पातळीची खूण करून एक दिवस थांबावे. दोन्हींची पातळी सारखीच उतरली तर ते बाष्पीभवन. टबाची अधिक उतरली तर तो गळतो. परत करण्याची मुदत संपण्याआधी ही परीक्षा करावी.

टब कुठे ठेवायचा, हा प्रश्न तर जिवाशी गाठ घालणारा आहे. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो. त्यात दोन माणसे धरली तर एका चौरस मीटरवर सहाशे किलोंच्या वर भार येतो. राहत्या घराची स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापरातील भार धरून बांधलेली असते. जुन्या माळवदाचा तर विचारच नको. टब जमिनीवर, मुरूम ठोकून केलेल्या पक्क्या ओट्यावरच ठेवावा.

उष्णता कुठून आणावी?

महाराष्ट्रात सूर्य हा सर्वांत भरवशाचा पुरवठादार. दोनशे लिटरचे सौर संयंत्र चांगल्या उन्हाच्या दिवशी २०० लिटर पाणी सुमारे ६० अंशांपर्यंत तापवते. त्यात २५ अंशांचे २६५ लिटर पाणी मिसळले की ४० अंशांचे ४६५ लिटर पाणी तयार. टब भरला! ढगाळ दिवसासाठी सरपणाचा बंब हाताशी असावा. त्यात जाळाची नळी पाण्याच्या मधून जाते, म्हणून उघड्या चुलीपेक्षा कमी सरपणात काम होते. बंब मात्र मोकळ्या हवेतच पेटवावा. बंद न्हाणीघरात गॅस किंवा कोळसा जाळला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

विजेचा हीटर वापरायचाच तर अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपियरला तुटणारे गळती-संरक्षक यंत्र बसवावे. दोन किलोवॅटचा हीटर जवळपास ९ अँपियर प्रवाह घेतो. साध्या सॉकेटवर तो लावू नये. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करून प्लग बाहेर काढावा. याला अपवाद नाही.

पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको आणि बैठक पंधरा मिनिटांहून लांब नको. अंदाजाने नव्हे, तर तापमापकाने पाहावे. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांना चटका कळत नाही. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये. कोमट पाणी जंतूंनाही मानवते. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे न्यूमोनियाची साथ आली. तिच्यामागचा लिजिओनेला हा जंतू २५ ते ४५ अंशांच्या पाण्यात फोफावतो. म्हणून अंग धुऊनच टबात बसावे. पाणी एक-दोन दिवसांत बदलावे, नाहीतर क्लोरीनचे प्रमाण रोज तपासावे. क्लोरीन न घातलेले, साबण नसलेले हे पाणी परसातल्या झाडांना देता येते. पाणीटंचाईच्या गावात हाही हिशेबाचाच भाग आहे.

त्या शिक्षकांनी दुकानातला टब घेतला नाही. गुरांना पाणी पाजण्याच्या हौदासारखा एक जाड प्लास्टिकचा, तीनशे लिटरचा खोल टब त्यांनी घेतला. बसण्यासाठी आत पाट आणि धरण्यासाठी बाजूला भिंतीत पक्का दांडा बसवला. थर्माकोलच्या पाट्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून झाकण आणि भिंतींचे आवरण घरीच केले. उरलेली रक्कम सौर संयंत्रासाठी राखून ठेवली आहे. तोवर बंब आहेच.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. सारखे तीन डबे घ्या. तिन्हींत सारखेच ५० अंशांचे पाणी भरा. एक उघडा ठेवा, दुसऱ्यावर फक्त झाकण ठेवा, तिसऱ्याला झाकण घालून भोवती गोधडी गुंडाळा. दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवा आणि आलेख काढा. आधी मुलांना विचारा, उघड्या डब्यात झाकणामुळे जास्त फरक पडेल की गोधडीमुळे? उत्तर तापमापकाला देऊ द्या. पुढे कधी घरी पाणी तापवण्याचे साधन घ्यायची वेळ आली, तर ही मुले दुकानदाराला किमतीआधी झाकणाबद्दल विचारतील.