लांबचा मार्ग, थोडा वेळ

अंतराला वेगाने भागले असता प्रवासास लागणारा वेळ मिळतो, हे आपण गणिताच्या तासाला शिकलो आहोत. मग दोन प्रवासी सारख्याच विमानांतून निघाले आणि त्यांपैकी दूरच्या मार्गाने जाणारा आधी पोहोचला, तर ते सूत्र खोटे ठरले काय?

दिल्ली आणि अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को ही नगरे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत. पृथ्वीच्या गोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो उत्तर ध्रुवप्रदेशावरून जाईल. हे सर्वांत कमी अंतर होय. ते सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. परंतु ध्रुवप्रदेशावरून विमान नेण्यास विशेष सिद्धता लागते.

एअर इंडियाने २०१५ साली या नगरांमध्ये थेट विमानसेवा सुरू केली. तेव्हा दिल्लीहून निघालेले विमान पश्चिमेकडे, अटलांटिक महासागर ओलांडून जाई. हा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये विमान उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडे पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. अंतर झाले सुमारे १५,३०० किलोमीटर. तथापि १,४०० किलोमीटर अधिक तोडूनही ते साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास कमी वेळात पोहोचले!

हा चमत्कार वाऱ्याचा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडील उष्ण हवा ध्रुवांकडे सरकू लागते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे तिची दिशा पूर्वेकडे वळते. त्यातून हे प्रवाह निर्माण होतात.

समजा, विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वाऱ्याचा १०० किलोमीटर आहे. वारा पाठीशी असेल, तर विमान जमिनीवरील अंतर ताशी १,००० किलोमीटर या वेगाने तोडील. समोरून असेल, तर ८०० या वेगाने. म्हणजे ४,००० किलोमीटर जाण्यास एकदा चार तास लागतील, तर दुसऱ्यांदा पाच. विमान जितका वेळ आकाशात, तितके इंधन जळत राहते. म्हणून वेळेबरोबर इंधनही वाचते.

आणखी एक गंमत पाहा. ते विमान १६ ऑक्टोबरच्या पहाटे दिल्लीहून निघाले. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताच तारीख १५ झाली आणि सॅन फ्रान्सिस्कोला ते उतरले, तेव्हा तेथे १६ ऑक्टोबरचीच सकाळ होती. केवळ घड्याळे पाहून प्रवासाचा वेळ मोजणारा येथे फसेल.

तेव्हा सूत्र खोटे नव्हे. वेग कोणता धरावा, हे आपण नीट पाहिले नव्हते. शिडाच्या गलबतांवरील आपले नाखवे हे मर्म पूर्वीपासून जाणत होते. वारा येईल तशी पाठ द्यावी, ही म्हण आकाशातही तितकीच खरी आहे.