संवाद लिहिलेच नव्हते, तरी नाटक उभे राहिले. विष्णुदास भावे यांची पद्धत नेमकी काय होती?

कवठे महांकाळ : गावच्या उत्सवातले नाटक असो की कॉलेजची एकांकिका, तालमीला जमल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'संहिता कुठे आहे?' पण मराठी रंगभूमीची सुरुवात ज्या प्रयोगापासून मानली जाते, त्यात पात्रांचे संवाद कागदावर नव्हतेच. हा प्रयोग सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी झाला. नाटक होते 'सीता स्वयंवर' आणि ते बसवणारे होते विष्णुदास भावे. म्हणूनच ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो.

सुरुवात कशी झाली?

१८४२ मध्ये कर्नाटकातील भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. ते पाहून सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांनी असे खेळ मराठीत करण्याचे काम भावे यांच्यावर सोपवले. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात त्याआधीच मराठी नाटके लिहिली गेली होती. मात्र महाराष्ट्रात नाटक मंडळींची सलग परंपरा सुरू झाली ती सांगलीपासून.

काम कसे वाटले जायचे?

'दिग्दर्शक' हा शब्द तेव्हा रुळलेला नव्हता. पण कथा निवडणे, पदे रचणे, नट तयार करणे आणि प्रयोग उभा करणे ही सगळी जबाबदारी भावे यांची. रंगमंचावर मात्र प्रत्येकाचा वाटा वेगळा असे.

▪ सूत्रधार : सुरुवातीचे मंगलाचरण आणि नंतर साथीदारांसह पदे गाऊन कथा पुढे नेणे.

▪ विदूषक : सूत्रधाराशी विनोदी बोलणे करून प्रेक्षकांना खेळात ओढणे.

▪ नट : पद संपले की त्याच प्रसंगावर स्वतःच्या शब्दांत बोलणे. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करत.

▪ राक्षस पार्टी : आरडाओरडा आणि तलवारींची खणाखणी करत प्रवेश घेणे.

म्हणजे कथेची चौकट भावे यांची, पण त्यातले बोलणे नटांचे. हे जमायचे कारण रामायण-महाभारतातल्या कथा नटांना आणि प्रेक्षकांना सारख्याच पाठ होत्या. पुढे काय होणार, हे सगळ्यांना माहीत असे. आज ते कसे होणार, एवढीच उत्सुकता असे.

राजाश्रय गेल्यावर काय झाले?

खरी कसोटी इथेच लागली. १८५१ मध्ये आप्पासाहेबांचे निधन झाले आणि दरबारचा आधार सुटला. मंडळी मोडली असती, तर हा प्रयोग एका संस्थानची हौस म्हणून विस्मरणात गेला असता. भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोड थिएटरमध्ये त्यांनी तिकीट लावून खेळ केले. एका राजाच्या मर्जीवर चाललेले नाटक आता पैसे मोजून येणाऱ्या प्रेक्षकांवर उभे राहिले. मराठी व्यावसायिक रंगभूमीची ही पायाभरणी होती.

ही पद्धत मागे का पडली?

तिच्यात उणिवा होत्याच. नट तयारीचा नसेल तर प्रसंग लांबायचा, बोलणे भरकटायचे. राक्षसांचा गोंधळ पुढे थट्टेचा विषय झाला. भावे यांच्या पावलावर पाऊल ठेवून इचलकरंजीकर, आळतेकर अशा अनेक मंडळ्या निघाल्या. दुसरीकडे १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' प्रसिद्ध झाले आणि लिहिलेल्या गद्य संवादांचे नाटक पुढे आले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल'ने संगीत नाटकाचे युग सुरू केले. तिथे सूत्रधाराऐवजी पात्रेच आपली पदे गाऊ लागली.

भावे यांनी आपली पदे १८८५ मध्ये 'नाट्यकवितासंग्रह' या नावाने प्रसिद्ध केली. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले. पदे छापील स्वरूपात उरली, पण नटांनी उभ्या-उभ्या रचलेले संवाद मात्र प्रयोगाबरोबरच संपले. त्यामुळे त्या नाटकांचा अर्धा भाग आज कुणालाच वाचता येत नाही.

आज याचे काय?

सांगलीत रंगभूमी दिनी दिले जाणारे विष्णुदास भावे गौरवपदक हा मराठी रंगभूमीवरील मानाचा सन्मान आहे. पण भावे यांचा वारसा केवळ पदकात नाही. प्रसंग देऊन नटांना बोलायला लावणे आणि त्यातून नाटक घडवणे ही तालमीची पद्धत आजही अनेक दिग्दर्शक वापरतात. तालुक्याच्या गावात पैसे नाहीत, मोठा रंगमंच नाही, लेखक मिळत नाही म्हणून अडून बसलेल्या हौशी संघालाही तिथून सुरुवात करता येते. सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट, ती पुढे नेणारा एक सूत्रधार आणि आपले बोलणे आपण शोधणारे नट एवढ्या भांडवलावर सांगलीत पहिला पडदा उघडला होता.