हृदय मोठे झाले म्हणजे आजारच का?

नांदेड-लातूरकडे पहाटे आपली मुले-मुली पोलीस भरतीसाठी धावतात. छातीच्या एक्स-रेत एखाद्याचे ‘हृदय मोठे’ निघाले की घर हादरते. आम्ही सांगतो, घाबरू नका. पण दुर्लक्षही करू नका. रोजच्या मेहनतीने दंडाप्रमाणे हृदयही वाढते. व्यायाम काही महिने थांबवला की ही वाढ बहुधा ओसरते. परंतु हृदयाची भिंत जाड होण्याचा आनुवंशिक आजार सुमारे ५०० जणांत एकाला असतो. त्यानेच कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फो २००३ मध्ये सामन्यात कोसळून दगावला. दोहोंतला फरक डॉक्टर ईसीजी, टू-डी इको करून ठरवतात. धावताना भोवळ आली, छातीत दुखले किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर तपासणी होईपर्यंत धावणे बंद. भरती पुन्हा निघेल. लेकरू पुन्हा मिळणार नाही.