शब्द पाठ असणं आणि शब्द कळणं

रविवारी रात्री हॉस्टेलवर आमचं स्क्रॅबल चालतं. मागच्या वेळी रसायनशास्त्राच्या मैत्रिणीने दोन 'ए' शेजारी शेजारी लावले आणि म्हणाली, "झाला शब्द!" सगळ्यांनी आरडाओरडा केला. शब्दकोश उघडला, तर शब्द खरंच होता. तिला अर्थ मात्र माहीत नव्हता. हातात स्वर जास्त झाले की हा लावून मोकळं व्हायचं, एवढंच माहीत.

मी भूशास्त्रात पीएचडी करतेय, त्यामुळे मला अर्थ माहीत होता. पण तो नीट कसा कळला, ते जरा लाजिरवाणं आहे. त्याआधी, खेळाडूंच्या आवडीचे आणि आमच्या विषयात रोज लागणारे चार शब्द बघू. (गुण फक्त अक्षरांचे, बोनस घरं सोडून.)

१) ए-ए (2 गुण): उच्चार 'आ-आ', मूळ हवाई बेटांवरचं. खडबडीत, टोकदार तुकड्यांनी भरलेला लाव्हा प्रवाह. गुळगुळीत किंवा दोरखंडासारख्या वळ्या पडलेला प्रवाह असेल तर तो 'पाहोएहोए'.

२) सी-डब्ल्यू-एम (10 गुण): उच्चार 'कूम'. वेल्श भाषेत डब्ल्यू स्वराचं काम करतो. हिमनदीने कोरलेली वाडग्यासारखी दरी. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या 'वेस्टर्न कूम'ला हे नाव 1921 मध्ये जॉर्ज मॅलरीने दिलं.

३) व्ही-यू-जी (7 गुण): 'व्हग'. खडकातली पोकळी, बहुधा आतून स्फटिकांनी मढलेली. शब्द कॉर्नवॉलच्या खाणकामगारांचा.

४) ई-आर-जी (4 गुण): 'अर्ग'. भौतिकशास्त्रात ऊर्जेचं जुनं एकक. 1 ज्यूल म्हणजे 1,00,00,000 अर्ग. भूशास्त्रात मात्र वाळूच्या टेकड्यांचा अफाट प्रदेश. पहिला ग्रीकमधून आला, दुसरा अरबीतून. स्पेलिंग एक, शब्द दोन!

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी फील्डवर एका घाटातल्या बेसॉल्टच्या प्रवाहाचा वरचा भाग तुकड्यातुकड्यांचा दिसला. मी वहीत ऐटीत 'आ-आ' लिहिलं. सरांनी वही बघितली आणि एकच प्रश्न विचारला, "तळ बघितलास का?" मी गप्प.

आ-आ प्रवाहात तुटलेले तुकडे वर असतात आणि खालीही. प्रवाह पुढे सरकताना वरचे तुकडे समोर पडतात आणि त्यांच्यावरूनच तो जातो. माझ्या प्रवाहाचा तळ सलग, गुळगुळीत होता. म्हणजे तो 'रबली पाहोएहोए' निघाला. दख्खनच्या पठारावरचे आधी आ-आ समजले गेलेले काही प्रवाह संशोधकांनी नंतर याच गटात टाकले आहेत. हा नुसता नावाचा घोळ नाही. नाव बदललं की लाव्हा कसा वाहिला, याचा निष्कर्षच बदलतो. तीच नोंद माझ्या प्रबंधात गेली असती तर पुढचं सगळं चुकलं असतं.

न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं विश्वविजेतेपद जिंकलं. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं, त्याने शब्दांची यादी पाठ केली होती. खेळात हे चालतं आणि ते थोर कौशल्यच आहे. खेळाचा नियम शब्द आहे की नाही एवढंच विचारतो, अर्थ विचारत नाही.

नेट-पेटची तयारी करताना आपणही थोडे नायजेल होतो. संज्ञा पाठ, पर्याय बरोबर, गुण मिळाले. मुलाखतीत आणि फील्डवर मात्र कोणीतरी "तळ बघितलास का?" असं विचारणारच.

म्हणून मी आता एक सवय लावून घेतलीय. नवी संज्ञा आली की वहीत तीन ओळी लिहायच्या: ती काय आहे, ती ओळखायची कशी, आणि तिच्यासारखं दिसणारं पण ती नसलेलं काय आहे. पहिली ओळ पुस्तकात मिळते. तिसरी लिहिता आली नाही, तर समजा की शब्द अजून फक्त पाठ आहे.

तुमच्या विषयातली एक संज्ञा घ्या आणि आजच तिसरी ओळ लिहून बघा.